बोळातला आडोसा

प्रिय भुंग्या,

परवा फोनवर तू एक साधा प्रश्न विचारलास आणि मी "बघते" म्हणून फोन ठेवून दिला. त्याचं उत्तर या पत्रात आहे, पण ते मी शेवटी देणार आहे. आधी दिलं तर तू पुढचं वाचणार नाहीस, लगेच फोन लावशील, आणि आपल्या घरात फोन म्हणजे काय ते तुला माहीत आहे. मी कानाला लावला की तुझे बाबा लगेच "स्पीकरवर टाक" म्हणतात. तेव्हा निमूटपणे वाच. तुझ्या लग्नानंतरचं हे माझं पहिलंच पत्र, आणि ते मी रागाने लिहितेय, हे आधीच सांगून ठेवते. अक्षर वाकडं दिसलं तर तो राग आहे, वय नाही.

आपला मागचा बोळ तुला आठवतो ना? स्वयंपाकघराची मागची भिंत आणि कंपाउंडची भिंत यांच्यामधली ती फट. बोळ म्हणायचं ते आपलं घरगुती नाव, नाहीतर तिथून एक माणूस आणि एक बादली बरोबर जायची मारामार. लहानपणी चेंडू तिकडे गेला की पाली असतात म्हणून तू मलाच पिटाळायचास. गेल्या खेपेला आलास तेव्हाही तिथे मोडका कूलर, तुझी गंजलेली सायकल, रंगाचे रिकामे डबे असा सगळा संसार कोंबलेला होता. आता बघशील तर ओळखणार नाहीस. किंवा ओळखशीलही. त्याचं पुढे येईलच.

बाबांना अर्धांगाचा झटका आला, तू धावत आलास, दवाखान्यात रात्री काढल्यास, घरी आणल्यावर न्हाणीघरात धरायला दांडा बसवलास, मागच्या दारावर छपराखाली तो कॅमेरा लावून दिलास. चोरांसाठी म्हणालास. मागचं फाटक आता कोणी बघत नाही, बाबा आजारी, तू एकटी, असं म्हणालास. मला किती बरं वाटलं तेव्हा. शेजारीपाजारी सांगत सुटले होते की मुलगा लांब राहून लक्ष ठेवतो. ते सगळं मी विसरलेली नाही, हेही इथेच लिहून ठेवते, म्हणजे नंतर मला ऐकवायला नको.

तू गेल्यावर व्यायाम शिकवणारी मुलगी घरी यायला लागली. फार गुणी पोरगी. ती म्हणाली की पाय परत उचलायचा तर दोन्ही हातांना आधार हवा, दवाखान्यात व्यायामाच्या खोलीत त्यासाठी दोन दांड्या असतात, त्यांच्यामधून चालायचं. मी एकदा बाबांना घेऊन गेले. तिथे बाकावर त्यांचा एक जुना विद्यार्थी आपल्या सासऱ्यांना घेऊन बसला होता. तो ताडकन उठला आणि "नमस्कार सर" म्हणून सरळ उभा राहिला. बाबांनी मला खुणेने सांगितलं, घरी चल. परत त्या खोलीचं नाव काढू दिलं नाही. मी चिडले, रडले, बोलणंही टाकलं. पण माणूस कोण आहे हे मला कळत नव्हतं का? सगळी हयात शाळेच्या मैदानावर गेली. "पाय उचल, पाय उचल" असं दोन पिढ्यांना ओरडून सांगितलं. रस्त्यात लोक अजून शिट्टीसर म्हणूनच हाक मारतात. त्या माणसाने लोकांसमोर एक पाय फरफटत न्यायचा?

आणि मग एक दिवस कचऱ्याची बादली घेऊन मी बोळात गेले, डब्यावर पाय पडला, तोल गेला आणि माझे दोन्ही हात दोन्ही भिंतींना जाऊन टेकले. पडले नाही. तशीच उभी राहिले आणि मला हसू आलं. ज्या बोळाला आयुष्यभर शिव्या दिल्या, अरुंद मेला, ना धड वाळत घालता येत ना धड झाडता येत, तो नेमका तेवढा अरुंद होता की माणसाला पडायला जागाच नाही. त्याच आठवड्यात भंगारवाला बोलावला. तुझी सायकलही दिली, आता त्यावर रुसू नकोस. भिंतींचा गिलावा खरखरीत होता, तो गवंड्याकडून हाताच्या उंचीवर गुळगुळीत करून घेतला. खाली फरशीवरचं शेवाळ मी स्वतः घासलं.

बाबा तयार झाले, पण एका अटीवर. बघायचं नाही. कोणीच नाही, मीसुद्धा. स्वयंपाकघराची खिडकी लावून घ्यायची. मी म्हटलं, पडलात तर? तर त्यांनी खुंटीवरची ती जुनी शिट्टी गळ्यात अडकवली. बोळाच्या त्या टोकाला पोहोचले की वाजवणार. मी चहाचं आधण ठेवायचं, ते उकळेपर्यंत शिट्टी आली नाही तर बाहेर यायचं, एरवी नाही. ओठ एका बाजूने पडलेला, त्यामुळे सुरुवातीला नुसती हवाच यायची, फुर्र करून. मी आत गॅसपाशी कान लावून उभी असायची. एकदा आधण उतू गेलं आणि मी दाराच्या कडीला हात घातला, तेवढ्यात फुर्र. हळूहळू त्या फुर्रची शिट्टी झाली. तुला सांगते, लग्न झाल्यापासून त्या शिट्टीने माझं डोकं उठवलंय, पण त्या दिवसांत मी दिवसभर तिचीच वाट बघायची. आत आले की घामाने डबडबलेले असायचे आणि ऐट अशी, जणू संचलन आटोपून आलेत. तू कधी येणार ते रोज विचारायचे. पुढच्या खोलीतलं चपलांचं कपाट तिथून हलवायला लावलं. पुढच्या दाराची कडी घट्ट बसते म्हणून तिला तेल घालायला लावलं. मी म्हटलं, आजारी माणसाला नसते उद्योग सुचतात.

याच सुमारास शेजारच्या बँकवालीने वरचा मजला चढवला. बँकेतून निवृत्त झाल्यापासून तिला घराचं खूळ लागलंय, तुला माहीत आहेच. त्या मजल्याला गच्ची काढली, ती बरोबर आपल्या बोळाच्या डोक्यावर. मी बाबांना काही बोलले नाही. ते सकाळी चालायचे तेव्हा ती गच्चीवर नसायची, म्हणून मीही गप्प बसले.

मग सलूनवाला आला. दर महिन्याला घरी येऊन बाबांचे केस कापतो, तोही त्यांचाच विद्यार्थी, वर्गात सगळ्यात मागे बसणारा. कात्री चालवता चालवता मोठ्या कौतुकाने म्हणाला, "सर, मस्त चालता की आता. उजवा पाय तेवढा उचला." आणि हसला. मनात काही वाईट नव्हतं बिचाऱ्याच्या. त्याला वाटलं, सरांचीच आज्ञा सरांना परत दिली की सर खूष होतील. बाबांनी आरशातून त्याच्याकडे बघत विचारलं की तुला कोणी सांगितलं. तो म्हणाला, अहो सर, सगळ्यांना माहितीये.

अर्धेच केस कापून झाले होते. बाबांनी गळ्याभोवतीचं कापड काढलं आणि त्याला जायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी आधण ठेवलं तर ते खुर्चीतून उठले नाहीत. शिट्टी परत खुंटीवर. त्यांनी मला एवढंच सांगितलं, "यापुढे दार तूच उघड." मला त्याचा अर्थ लागला नाही. या घरात दार दुसरं कोण उघडतं? मीच तर उघडते. मला वाटलं डोक्यावर परिणाम झाला.

त्या अर्ध्या कापलेल्या डोक्याने ते दिवसचे दिवस भिंतीकडे तोंड करून बसले. व्यायामाची मुलगी आली की झोपेचं सोंग. ती मला बाहेर घेऊन म्हणाली की आत्ता थांबले तर पाय परत धरेल, आलेलंसुद्धा जाईल. भुंग्या, माझ्या अंगाची लाहीलाही झाली. सगळ्यांना माहितीये म्हणजे कोणाकडून? बोळात डोकावायला एकच जागा, ती नवी गच्ची. मी सरळ भिंतीपाशी जाऊन बँकवालीला हाक मारली आणि जे तोंडाला येईल ते बोलले. आजारी माणसाचा तमाशा बघायला मजला चढवलात का, दुसऱ्याच्या घरात नाक खुपसायला पेन्शन मिळते का, असलं बरंच काही. ती गच्चीवर ओले कपडे हातात धरून उभी होती. ते तसेच घेऊन आत गेली. मला वाटलं, चोराच्या मनात चांदणं.

मग मी आडोशाच्या मागे लागले. आधी रोपवाटिकेत गेले. तिथल्या माणसाने बांबू सुचवला, मोठ्या कुंड्यांतला, भराभर वाढतो आणि दाट होतो म्हणाला. टेम्पोभर कुंड्या आणून भिंतीला लावल्या. दिसायला असा झकास, कोणालाही वाटावं फोटो काढावा. आणि मग माझ्या लक्षात आलं की मी काय करून ठेवलंय. एका बाजूची भिंतच गेली. हात टेकायला भिंत नाही, पाय टाकायला जागा नाही, त्या बोळाचं जे एकमेव भलं होतं तेच मी कुंड्यांनी भरून टाकलं. सगळ्या कुंड्या परत पाठवल्या. तो माणूस कुरकुरला, मी त्याच्यावरही ओरडले. त्या दिवसांत मी कोणावर ओरडले नाही ते विचार.

शेवटी वेल्डिंगवाल्याला बोलावलं. त्याला सांगितलं की बाबा रे, मला आडोसा हवा, पण बोळाची एक बोटभर रुंदी जायला नको. त्याने भिंतीच्या माथ्यावर लोखंडी अँगलची उभी चौकट ठोकली, भिंतीइतकीच जाड. तिला हिरवी जाळी ताणून बांधली, दुहेरी, रोपवाटिकेवर घालतात तसली. आतून काही टोचू नये म्हणून कोपरे मी त्याच्याकडून कानशीने घासून घेतले, तो वैतागेपर्यंत. पलीकडून वेल चढवणार आहे, भिंतीच्या बाहेर मुळं, वर जाळीवर पानं. सगळं झाल्यावर मी बाबांना हाताला धरून मागच्या दारापर्यंत नेलं. त्यांनी वर बघितलं, जाळी बघितली आणि परत वळले. म्हणाले, ज्यांनी बघायचं त्यांनी बघून झालंय.

त्याच संध्याकाळी बँकवाली दारात. मी तिला आत ये म्हणाले नाही. तिने हातातला फोन माझ्यापुढे धरला आणि हळू आवाजात म्हणाली, "हे मी नाही काढलं. मला हे माझ्या बहिणीने पाठवलं, ती दुसऱ्या शहरात असते."

भुंग्या, मी त्या फोनमध्ये तुझ्या बाबांना चालताना बघितलं. त्या बोळात, पहिल्यांदाच. मी त्यांची बायको, एका भिंतीपलीकडे गॅसपाशी उभी राहून कान देत होते, मला बघायची परवानगी नव्हती, आणि मी ती अट कधी मोडली नाही. खिडकीची फट असायची, तरी नाही. आणि ते मला शेजारणीच्या फोनवर बघायला मिळालं. वरून काढलेलं. गच्चीच्या बाजूने नाही, आपल्या बाजूने, मागच्या दारावरच्या छपराखालून. दोरीवर माझे परकर वाळताहेत तेसुद्धा दिसत होते. बाबांच्या पायजम्याची नाडी लोंबतेय. तोंड उघडं आहे. पाय पुढे येत नाही तेव्हा खाली मान घालून ते त्या पायाला काहीतरी बोलतात, रागावतात, मैदानावर पोरांना रागवायचे तसे. मध्येच भिंतीला कपाळ टेकून उभे राहतात. किती वेळ. मग बाहीने तोंड पुसतात आणि परत निघतात. टोकाला पोहोचल्यावर त्यांनी शिट्टी तोंडात धरली, गाल फुगवले. ती शिट्टी ऐकू आली नाही, कारण त्यावर तू गाणं घातलं होतंस. खाली लिहिलं होतंस, माझे बाबा, माझे हिरो. त्याखाली लोकांचे हात जोडलेले, बदाम, डोळ्यांत पाणी. तुझ्या आत्याने लिहिलं होतं, किती गोड दिसतो दादा.

गोड. मैदानावर हा माणूस आला की पोरं श्वास रोखून उभी राहायची, तो गोड दिसतो.

तुझा हेतू चांगला होता हे मला सांगू नकोस. मला ठाऊक आहे. म्हणून तर जास्त राग येतो, वाईट हेतू असता तर कान पिळून मोकळी झाले असते. तुला त्यांचा अभिमान वाटला. मग तो तुला त्यांना सांगावासा का नाही वाटला? रोज फोन करतोस. "बाबा, तुम्ही चालताय ते मी बघितलं" एवढं म्हणायला काय झालं होतं? म्हणाला असतास तर ते म्हणाले असते बघू नकोस, आणि तेच तुला नको होतं. जगाला सांगितलंस, त्यांना सोडून. चोरांसाठी लावलेला कॅमेरा म्हणे.

बँकवालीला मी तेव्हा कुठे आत घेतलं. तिने पाणी आणून दिलं, माझ्याच घरातलं, माझ्याच माठातलं. मी काही म्हणायच्या आत तीच म्हणाली की सरांना हे कळता कामा नये. दुसऱ्या दिवशी भिंतीपलीकडून तिने बाबांना मोठ्याने ऐकू जाईल असं सांगितलं की सर, चूक माझी, मी बघितलं आणि चार ठिकाणी बोलले, आता जाळी लागली, मला काहीही दिसत नाही, मी शब्द देते. जे तिने केलंच नव्हतं ते तिने अंगावर घेतलं, तेही मी तिला तेवढं बोलल्यावर. बाबा तिच्यावर अजून डाफरतात. ती ऐकून घेते. माझी मान वर होत नाही.

आणि आता तुझा प्रश्न. मागच्या कॅमेऱ्यात हल्ली नुसतं हिरवं दिसतंय, कॅमेरा बिघडला का, असं विचारलंस. बिघडला नाही. वेल्डिंगवाल्याला मी परत बोलावलं आणि उरलेली जाळी बोळावर आडवी ताणून घेतली, बरोबर त्या कॅमेऱ्याच्या खालून, छपराला बांधून. बाबांना सांगितलं, ऊन लागतं म्हणून. कॅमेरा उतरवला असता तर त्यांनी का म्हणून विचारलं असतं, आणि ते मूर्ख नाहीत, एका क्षणात ओळखलं असतं. शेजारणीने बघितलं हे त्यांना सहन होतंय. तू बघितलंस, तू दाखवलंस, हे होणार नाही. तो सगळा आडोसा मी शेजारणीसाठी उभा केला, आणि खरा लागत होता तो तुझ्यासाठी. स्वतःच्या पोरापासून घर झाकून घ्यायची वेळ माझ्यावर येईल असं मला कोणी सांगितलं असतं तर मी त्याला घराबाहेर काढलं असतं.

आडवी जाळी लागली आणि चार दिवसांनी बाबा आपणहून उठले. खुंटीवरून शिट्टी घेतली. मी खिडकी लावली आणि आधण ठेवलं. शिट्टी परत फुर्रवर आली आहे, पाय मागे गेलाय, व्यायामाची मुलगी म्हणाली होती तसंच झालं. पण वाजते. त्याच दिवशी जेवताना मी त्यांना विचारलं, दार तूच उघड असं का म्हणाला होतात. त्यांनी घास गिळला आणि मान वर न करता सांगितलं. भुंग्या, तो सगळा खटाटोप तुझ्यासाठी होता. तू त्यांना शेवटचं बघितलंस ते पलंगावर, माझ्या हातून पाणी पिताना. तेच तुझ्या डोळ्यांपुढे राहू नये म्हणून ते रोज त्या बोळात भिंतीला कपाळ टेकत होते. तू सुट्टीला येशील तेव्हा खुर्चीतून उठून, कोणाला न धरता, पुढचं दार त्यांना स्वतः उघडायचं होतं. म्हणून ते कपाट हलवलं, म्हणून त्या कडीला तेल. तू बघायचं होतं ते एवढंच होतं. बाकीचं बघायचंच नव्हतं.

म्हणून हे पत्र. ते जिथे जिथे टाकलं आहेस तिथून आज काढ. आत्याला सांग, तोंड बंद ठेव. बाबांची माफी मागायला जाऊ नकोस, माफी मागितलीस की त्यांना कळलं. आणि ठरल्याप्रमाणे सुट्टीला ये. नेहमीसारखा मागच्या फाटकाने हाका मारत येऊ नकोस, पुढून ये. बेल एकदाच वाजव आणि थांब. आतून खुर्ची सरकल्याचा आवाज येईल, मग बराच वेळ काहीच येणार नाही, मग पाय घासल्याचा येईल. मला हाक मारू नकोस, दाराला हात लावू नकोस, फोन खिशातच ठेव. कितीही वेळ लागला तरी दुसऱ्यांदा बेल वाजवायची नाही.

अजूनही रागावलेली,
तुझीच आई